रक्ताची तारीख

थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाचं हिमोग्लोबिन नऊच्या खाली जाऊ द्यायचं नाही, त्याआधीच रक्त द्यायचं. पुस्तकात हा नियम एका ओळीत येतो. वाशिम जिल्ह्यात लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून मी रुजू झाले, तेव्हा आमच्यापर्यंत पोचणारी मुलं चारवर असायची, पाचवर असायची, एखादं साडेतीनवर. तळहात पांढरेफटक, छाती धडधडतेय, दोन पायऱ्या चढल्या तरी धाप. बरोबर आलेल्या आईचं बोलणं ठरलेलं : "सिस्टर, लेकरू पांढरं पडलं वो. रगत चढवा लागते त्याले." घरात रक्ताची वेळ ओळखायची खूण तीच होती. पोर खेळायचं थांबलं, दारात नुसतं बसून राहायला लागलं, पांढरं दिसायला लागलं, की पिशवी भरून निघायचं.

माझी बहुतेक नोकरी या खुणेशी भांडण्यात गेली. पोर पांढरं पडायच्या आधी त्याला रक्त मिळालं पाहिजे. ते ठरलेल्या तारखेला मिळालं पाहिजे, आणि सकाळी निघून रात्री घरी परतता येईल एवढ्या अंतरावर मिळालं पाहिजे. या आजारात मोठी यंत्रं, मोठे डॉक्टर, मोठी शहरं लागतातच, पण त्यांची पाळी नंतर येते. आधी तारीख.

कारण साधं आहे. रक्त कमी पडलं की शरीर स्वतः रक्त बनवायला जिवापाड धडपडतं. बनतं ते रक्त सदोष, म्हणून आणखी धडपडतं. हाडांच्या पोकळीतला मगज वाढत जातो, कपाळ पुढे येतं, गालाची हाडं रुंदावतात, वरचे दात बाहेर येतात. पाणथरी वाढून पोट फुगतं. वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या जातींची ही मुलं मग एकाच घरातली भावंडं वाटावीत अशी दिसायला लागतात. काहींच्या फुगलेल्या पोटावर बिब्ब्याचे जुने डाग असत. कुणीतरी केलेला इलाज. हे सगळं टाळता येतं. रक्त दिल्यानंतर हिमोग्लोबिन दर आठवड्याला साधारण एक ग्रॅमनं उतरतं. बारापर्यंत नेऊन सोडलं तर तीन आठवड्यांनी ते नऊवर येणार, हे आधीच माहीत असतं. ज्या गोष्टीची वेळ आधी कळते, तिची धावपळ करण्याचं काही कारण नाही.

मग मुलं चारवर का येत होती? "आई-बापाचं लक्ष नाही" हे वॉर्डात सर्रास बोललं जाई. मला ते कधीच पटलं नाही. मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरून एक बाप मुलाला घेऊन यायचा. त्यानं एकदा मला खर्च मोजून दाखवला. नवरा-बायको दोघांची दोन दिवसांची मजुरी बुडते, कारण एका दिवसात काम होईल याची खात्री नाही. जाण्यायेण्याचं भाडं. आणि रक्तपेढीत "माणूस आणा" म्हणतील म्हणून बरोबर आणलेल्या मेव्हण्याचं भाडं, त्याचं जेवण, त्याचाही बुडालेला रोज. "रगत फुकटच हाय सिस्टर," तो म्हणाला, "पण रगत देणाऱ्याचं सगळं मलेच पाहा लागते." असा माणूस तीन आठवड्यांचे सहा आठवडे करणारच. थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया या आजारांच्या रुग्णांना रक्त विनामूल्य द्यायचं, त्यांच्याकडे बदली रक्तदाता मागायचा नाही, हे सरकारी धोरण आहे. पण धोरण आणि खिडकीवरचा माणूस यांच्यात पुष्कळ अंतर पडू शकतं, आणि ते अंतर गरिबाला स्वतःच्या पैशानं भरून काढावं लागतं.

आमचा जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा हे सहा तालुके. नीती आयोगानं २०१८ मध्ये महाराष्ट्रातले जे चार जिल्हे आकांक्षित म्हणून निवडले, त्यांत गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद यांच्याबरोबर वाशिम. आमच्याकडचं गंभीर मूल म्हणजे अकोला, यवतमाळ, नाहीतर नागपूर. अकोला ८० किलोमीटरच्या आसपास, पण हे अंतर वाशिम शहरापासूनचं. तांड्यावरून आधी फाट्यापर्यंत चालायचं असतं. वाशिमला स्वतःचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळालं ते ऑक्टोबर २०२४ मध्ये. मला त्याचा फार आनंद आहे, आणि त्याच्याकडून अपेक्षाही फार आहेत.

तारीख ठरवायला आम्ही सुरुवात केली ती एका साध्या वहीपासून. मुलाचं वय, वजन, रक्तगट, मागचं रक्त कधी दिलं, पुढचं कधी, वडिलांचा फोन, शेजाऱ्याचा फोन. बालरोगतज्ज्ञ सरांनी बुधवार ठरवला. दोन दिवस आधी मी रक्तपेढीत यादी द्यायची : ओ पॉझिटिव्ह एवढ्या पिशव्या, बी पॉझिटिव्ह एवढ्या, लाल पेशींच्याच, आणि शक्यतो दोन आठवड्यांच्या आतल्या. शिळ्या पेशी मुलाच्या अंगात कमी दिवस टिकतात. मग तीन आठवड्यांची तारीख अडीचवर येते. मुलांनी सकाळी नवाच्या आत यायचं, नमुना द्यायचा, जुळणी होईतो नाश्ता करायचा. किलोमागे १० ते १५ मिली या हिशेबानं रक्त, तीन ते चार तासांत. संध्याकाळच्या गाडीनं घरी. रक्तपेढीतला तंत्रज्ञ दादा पहिल्या महिन्यात कुरकुरला, कारण त्याच्या कामाच्या रीतीत ही यादी बसत नव्हती. नंतर तोच सोमवारी फोन करून विचारायला लागला, "सिस्टर, बुधवारची यादी?"

यादीतल्या मुलांचं हिमोग्लोबिन पहिल्या वर्षात हळूहळू सातवर, मग आठवर, मग नऊवर यायला लागलं. आया सांगायच्या, की पोरगं आता मारामाऱ्या करतं. ही तक्रार सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असे, ते मी नोकरीत दुसऱ्या कुठल्या कामातून पाहिलेलं नाही. एक मुलगी शेलू बाजारकडून यायची. आधी तिला वडील पाठीवर घेऊन आत आणत. पुढे ती वडिलांच्या आधी आत येऊन स्वतःची खाट धरून बसायची आणि कुठल्या हाताला सुई लावायची ते मला सांगायची. शिरा वर्षानुवर्षं वापरायच्या असतात. त्या मुलांना स्वतःच्या शिरा आमच्यापेक्षा चांगल्या माहीत असतात आणि त्यांचं ऐकावं, असं मी प्रत्येक नवीन सिस्टरला पहिल्या दिवशी सांगते.

तारीख ठरली तरी त्या तारखेला रक्त हवं. आमच्याकडे रक्तदान शिबिरं होत नाहीत असं नाही. ती एकाच वेळी होतात. १९ फेब्रुवारीला शिवजयंती, १४ एप्रिलला आंबेडकर जयंती. त्या दिवसांत तरुणांच्या रांगा लागतात, मन भरून येतं. पण लाल पेशींची पिशवी पस्तीस, फार तर बेचाळीस दिवस टिकते. १४ एप्रिलचं रक्त मे संपता संपता संपतं. त्या वेळी कॉलेजांना सुट्ट्या, ऊन कडक, आणि जूनमध्ये पाऊस पडला की अख्खा जिल्हा सोयाबीनच्या पेरणीत. दर उन्हाळ्यात आमच्या मुलांची तारीख पुढे ढकलली जाई ती याच दिवसांत. आम्ही मंडळांच्या पोरांना भेटून हे गणित मांडलं. जयंतीचं शिबिर घ्याच, पण अर्ध्या जणांनी त्या दिवशी नुसतं नाव लिहून द्या, आणि जूनमध्ये बोलावलं की या. एका मंडळानं ऐकलं, मग दुसऱ्यानं. पुरुषाला तीन महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं, त्यामुळे जूनचे दाते सप्टेंबरला, सोयाबीनच्या कापणीआधी, परत येऊ शकतात. आता काही तरुण ठरावीक मुलांच्या बुधवारसाठी येतात. मुलाचं नाव त्यांना सांगायचं नसतं, गट सांगितला तरी पुरतं.

रक्त सुरक्षित हवं, हेही त्यातलंच. २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याची आणि त्यांतलं एक मूल दगावल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या आया हादरल्या. जे मूल वर्षाला सतरा-अठरा पिशव्या घेतं, त्याच्या बाबतीत प्रत्येक पिशवीचा धोका साठत जातो. नेहमीच्या तपासण्यांपेक्षा नॅट या तपासणीत विषाणू काही दिवस आधी सापडतो. ती मोठ्या शहरांत मिळते. ज्यांना सर्वांत जास्त रक्त लागतं, त्या मुलांना ती सर्वांत आधी मिळायला हवी आणि जिल्ह्याच्या ठिकाणी मिळायला हवी, हे मी प्रत्येक बैठकीत बोलते.

आजार ओळखायलाच उशीर होतो, त्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षय असलेली निघाली. दहातली सात मुलं फिकी असतील तर त्यांतलं वेगळं मूल दिसणार कसं? त्याला सगळ्यांसारखं लोहाचं औषध दिलं जातं. महिना, दोन महिने, सहा महिने. ज्याच्या अंगात पुढे लोह साठून घात होणार आहे, त्यालाच लोहाची बाटली. खरंतर साध्या रक्ततपासणीच्या कागदावरच पहिली शंका घेता येते. पेशींचा आकार, म्हणजे एमसीव्ही, याला लाल पेशींच्या संख्येनं भागायचं. उत्तर तेराच्या खाली आलं तर थॅलेसेमियाचा विचार करायचा, वर आलं तर बहुधा लोहाची कमतरता. मेंट्झर नावाच्या डॉक्टरांनी १९७३ मध्ये ही रीत सांगितली. पक्कं निदान यानं होत नाही, पण कुणाचा नमुना पुढे पाठवायचा ते कळतं, आणि त्याला खर्च काहीच नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या प्रयोगशाळेत भिंतीवर हा भागाकार लिहून लावा, असं मी जिथं जाईन तिथं सांगते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मूल तीनवर आलं की पहिली धाव रक्त चढवण्याची असते, आणि ती बरोबरच आहे. पण दुसऱ्याचं रक्त अंगात गेलं की निदानाची एचपीएलसी तपासणी सुमारे तीन महिने भरवशाची राहत नाही. तोवर पुन्हा रक्त लागतं, पुन्हा तीन महिने. काही मुलांना वर्ष-दीड वर्ष रक्त मिळत राहतं आणि आजाराचं नाव कळत नाही. म्हणून पहिली पिशवी लावण्याआधी जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये दोन मिली रक्त काढून ठेवायचं. रात्रीचे दोन वाजलेले असोत, मूल कितीही अत्यवस्थ असो, सुई लावतोच आहोत, तर दोन मिली काढायला वेळ लागत नाही. आमच्या वॉर्डात आता हे न सांगता होतं.

रक्ताबरोबर लोह येतं. एका पिशवीतून दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम, आणि ते बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. ते यकृतात साठतं, हृदयात साठतं, वाढीच्या ग्रंथींमध्ये साठतं. दहा-वीस वेळा रक्त दिल्यावर, फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचा आकडा, हजाराच्या वर गेलं की लोह काढायचं औषध सुरू करावं लागतं आणि मग ते सोडता येत नाही. पूर्वी त्यासाठी रात्रभर पोटाच्या कातडीखाली सुई ठेवून पंपानं औषध द्यावं लागे. आमच्याकडच्या कुणाला ते परवडलं नसतं. आता डेफेरासिरॉक्सची गोळी पाण्यात विरघळवून दिवसातून एकदा उपाशीपोटी घ्यायची असते. ऐकायला सोपं आहे. पण रक्त घेतल्यावर मूल टवटवीत दिसतं, औषध घेतल्यावर काहीच दिसत नाही, उलट मळमळतं. रिसोडकडच्या एका बापानं दोन महिने गोळ्या बंद ठेवल्या होत्या. म्हणाला, "पोरगं चांगलं हाय नं आता, कायले देऊ?" त्याला फेरिटिनचा कागद दाखवून उपयोग नव्हता. मी त्याच मुलाची शाळेतली उंचीची नोंद आणि त्याच्या धाकट्या भावाची नोंद शेजारी ठेवली. धाकटा पुढे गेला होता. गोळ्या त्या दिवसापासून सुरू झाल्या.

शाळेसाठी आम्ही एक पत्र देतो. शाळेत मुलांना आठवड्याला लोहाची गुलाबी किंवा निळी गोळी मिळते. कार्यक्रम चांगला आहे, पण या मुलाला ती गोळी देऊ नका, एवढंच त्यात असतं. आणि इतर मुलांच्या आयांना जेवणाबरोबर चहा देऊ नका म्हणणारी मी, या आयांना सांगते की जेवणासोबत थोडा चहा चालेल, लोह कमी शोषलं जाईल. शेजारची बाई ऐकून गोंधळते. तिलाही समजावून सांगावं लागतं.

सिकलसेलची मुलं आमच्याकडे वेगळ्या वाटेनं येतात. विदर्भाला हा आजार नवा नाही. शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलवर लिहिलं ते नागपूरहून. या मुलांना रक्तापेक्षा वेदनेचा त्रास मोठा. लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकतात. थंडीत, उन्हात काम केल्यावर, पाणी कमी प्यायल्यावर, तापात. बाहेरून काही दिसत नाही. "नाटक करतो" हे शब्द मी अशा मुलांबद्दल ऐकले आहेत आणि त्याचा मला अजून संताप येतो. वेदनेनं ओरडणाऱ्या मुलाला अर्ध्या तासात पुरेसं वेदनाशामक आणि पाणी मिळणं हा त्याचा उपचार आहे. रोजच्या हायड्रॉक्सीयुरियानं हे झटके कमी होतात, रक्तही कमी लागतं, पण औषध महिनोन्महिने न तुटता मिळायला हवं. १ जुलै २०२३ ला शहडोलमध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, तपासणी वाढली, कार्डं वाटली गेली. तपासणीनंतरचं काम मात्र कार्डानं होत नाही. एसएस, म्हणजे आजार असलेला, निघालेल्या मुलाला गोळी कोण देणार, ताप आला तर आईनं कुठं यायचं, हे तिला तोंडानं सांगावं लागतं, पुन्हा पुन्हा. आणि एएस, म्हणजे वाहक, निघालेल्या मुलीचं कार्ड पेटीच्या तळाशी जातं, कारण लग्न जमायचं असतं. वाहक म्हणजे आजारी नव्हे. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तरच प्रत्येक बाळंतपणात चारांत एक धोका. हे मी मुलींपेक्षा मुलांच्या आयांना जास्त सांगते.

थॅलेसेमिया मुळातून जातो तो अस्थिमज्जा प्रत्यारोपणानं. सख्ख्या भावंडाशी जुळणी व्हायची शक्यता चारांत एक. १९८० च्या दशकात इटलीतल्या पेसारो इथं लुकारेल्ली नावाच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की यकृत चांगलं असलेल्या, लोहाची औषधं नियमित घेतलेल्या मुलांमध्ये हे प्रत्यारोपण जास्त यशस्वी होतं. म्हणजे पुन्हा तारीख आणि गोळी. कोल इंडियाच्या योजनेतून यासाठी दहा लाखांपर्यंत मदत मिळते. आमच्या यादीतल्या एका मुलाची जुळणी त्याच्या बहिणीशी झाली. कागद गोळा करण्यात महिने गेले, उत्पन्नाचा दाखला, फोटो, जुने रिपोर्ट. आमच्या वहीमुळे त्याच्या प्रत्येक रक्ताची नोंद हाती होती. तो आता बुधवारी येत नाही.

नवी मुलं यादीत येऊ नयेत, हा या कामाचा दुसरा भाग. सायप्रससारख्या छोट्या देशात लोकसंख्येचा फार मोठा हिस्सा वाहक होता. १९७० च्या दशकापासून त्यांनी तपासणी लावून धरली आणि थॅलेसेमियाची नवी बाळं जवळजवळ थांबवली. आपल्याकडे त्याला सोपी जागा आहे ती गरोदर मातेची पहिली रक्ततपासणी. तिच्या पेशी लहान दिसल्या तर साधी नेस्ट्रॉफ्ट चाचणी करता येते : खारट द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा, नळीमागे धरलेली काळी रेघ दिसली तर ठीक, दिसली नाही तर नमुना पुढे पाठवायचा. ती वाहक निघाली तर नवऱ्याची तपासणी. दोघंही निघाले तर दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या दरम्यान वारेचा बारीकसा तुकडा तपासून बाळाला आजार आहे का ते कळतं. ही सोय मोठ्या शहरात आहे, म्हणून वेळ हाताशी हवा. बाई चौथ्या महिन्यात नाव नोंदवायला आली, की यातलं बरंचसं हातातून निसटतं. आशाताईंना मी एवढंच म्हणते, पाळी चुकली की आठवड्यात सांगा.

सध्या मंगरूळपीर तालुक्यातली एक मुलगी आहे, पहिलटकरीण. आशाताईनं वेळेवर आणली. ती वाहक आहे हे कळलंय, नववा आठवडा चालू आहे. नवरा चाकणला कंपनीत. त्यानं गावी यायची गरज नाही, तिथल्याच चांगल्या प्रयोगशाळेत दोन मिली रक्त द्यायचंय. पहिल्या फोनला तो म्हणाला, "मले काही झालं नाही मॅडम, मी कायले तपासू?" दुसऱ्या फोनला त्याची आई बोलली, तिला वाटत होतं सुनेत खोट काढतोय. तिला मी घरी जाऊन भेटले, बुधवारी वॉर्डात या म्हटलं, आणि ती आली; तासभर मुलांजवळ बसली, एका आईशी बोलली. रात्री मुलाला तिनंच फोन लावला. शनिवारी त्याची पहिली पाळी आहे, सुटल्यावर नमुना देऊन येतो म्हणाला. रिपोर्ट यायला चार-पाच दिवस लागतील. दोघंही वाहक निघाले तर नागपूरच्या गाडीची, तिथल्या वेळेची आणि पैशांची तयारी आशाताई आणि मी आत्ताच करून ठेवतो आहोत.